ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे जनुक कोणत्या गुणसूत्रावर आहे, हे कसे ठरवावे?

नागपुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, झिंक फिंगर प्रकारच्या एका ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या (म्हणजे डीएनएला बसून इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाच्या) सीडीएनएचा, म्हणजे एमआरएनएवरून बनवलेल्या डीएनएचा, तुकडा प्रोब (जुळत्या क्रमाला जाऊन चिकटणारा खुणेचा तुकडा) म्हणून वापरून तिने फिश (गुणसूत्रांवर प्रोबची चमकती खूण पाहण्याची चाचणी) केली, तेव्हा खुणा एका जागी न उमटता अनेक गुणसूत्रांवर उमटल्या आणि १९व्या गुणसूत्रावर तर त्यांची गर्दीच दिसली. तेव्हा प्रयोग फसला असे समजायचे का? तिचा दुसरा प्रश्न असा की, मानवी जीनोमचा संपूर्ण क्रम हाताशी असताना एखाद्या जनुकाचे गुणसूत्र प्रयोगाने ठरवण्याची गरज उरली आहे का? तिसरा प्रश्न विदर्भातल्या सिकलसेलवरून आलेला आहे: बीटा ग्लोबिनचे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या शेजारच्या, गर्भ-हिमोग्लोबिन बनवणाऱ्या गॅमा ग्लोबिन जनुकांना दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या फॅक्टरचे जनुक २ऱ्या गुणसूत्रावर आहे, मग एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर नियंत्रण चालते कसे आणि हे स्थान माहीत असून उपयोग काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रोबने जे दाखवले ते खरेच आहे. फक्त तुम्ही त्याला विचारलेला प्रश्न एका जनुकाचा नव्हता, साऱ्या कुटुंबाचा होता. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ओळखला जातो तो त्याच्या डीएनएला धरणाऱ्या भागावरून. झिंक फिंगर, होमिओबॉक्स, पॉऊ, फोर्कहेड ही नावे त्या भागांचीच आहेत. पण ज्या भागामुळे तो फॅक्टर म्हणून ओळखू येतो, नेमका तोच भाग त्याच्या भाऊबंदांमध्ये सर्वांत सारखा असतो. विदर्भातल्या एखाद्या मोठ्या गावात जाऊन नुसते ‘देशमुखांचे घर कुठे’ असे विचारले तर दहा दारे दाखवली जातील आणि दाखवणारा कुठेही खोटे बोललेला नसेल; डीएनए धरणाऱ्या भागाचा प्रोब वापरला की तसेच होते. माणसातल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांची २०१८ साली प्रसिद्ध झालेली छाननी केलेली यादी १,६३९ जनुकांची आहे आणि त्यांपैकी जवळपास निम्मी जनुके एकट्या सी२एच२ झिंक फिंगर कुटुंबातली आहेत.

या कुटुंबाची रचना पाहिली की तुमची स्लाइड अशी का दिसली ते लगेच कळते. एक फिंगर साधारण ३० अमिनो आम्लांची असते. त्यातली दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात. अशा फिंगर एकामागोमाग येतात, आणि दोन फिंगरना जोडणारा छोटा दुवा, ज्याचा क्रम टीजीईकेपी असा लिहिला जातो, तो शेकडो प्रथिनांमध्ये जवळजवळ न बदलता आढळतो. फिंगरच्या भागातून बनवलेल्या प्रोबमध्ये हा दुवा पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे धुण्याची तीव्रता थोडी जरी कमी पडली तरी प्रोब परक्या जनुकांवर चिकटून राहतो. १९व्या गुणसूत्रावर दिसलेली गर्दीही खरीच आहे. या गुणसूत्राच्या दोन्ही भुजांवर झिंक फिंगर जनुकांचे मोठमोठे पुंजके आहेत. २०० हून अधिक झिंक फिंगर जनुके एकट्या या लहानशा गुणसूत्रावर राहतात आणि त्यांतली बहुतेक एकमेकांच्या द्विरुक्तीतून तयार झालेली आहेत. तेव्हा ‘१९वर सर्वाधिक खुणा, म्हणून माझे जनुक १९वर’ हा निष्कर्ष मात्र काढू नका. तसा निष्कर्ष कोणत्याही झिंक फिंगर प्रोबने निघाला असता.

कुटुंबातल्या सारखेपणाने अनुभवी लोकांचीही वाट किती बिकट होते याचे ठळक उदाहरण वाय गुणसूत्राचे आहे. पुरुषलिंग ठरवणाऱ्या जनुकाच्या शोधात १९८७ साली डेव्हिड पेज यांच्या गटाने वाय गुणसूत्राच्या एका लहान भागात झिंक फिंगर असलेले झेडएफवाय हे जनुक शोधले. त्याच प्रोबने एक्स गुणसूत्रावरही खूण दिली, कारण तिथे त्याचे जवळचे भावंड झेडएफएक्स आहे. १९८९ साली असे पुरुष अभ्यासले गेले की ज्यांची गुणसूत्रे एक्स-एक्स होती, ज्यांच्यात वायचा बारीकसा तुकडा आलेला होता, पण त्या तुकड्यात झेडएफवाय नव्हते. मग शोध टोकाकडच्या सुमारे ३५ हजार बेसच्या पट्ट्यावर आला आणि १९९० साली एसआरवाय हे जनुक हाती लागले. तेही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचेच आहे, पण वेगळ्या कुटुंबातले. निर्णय झाला तो कोणते जनुक ‘शोभते’ यावरून झाला नाही. कोणता तुकडा कोणाच्या शरीरात आहे आणि कोणाच्या नाही, या काटेकोर नोंदीवरून झाला.

आता नेमके काय करायचे ते सांगतो. प्रोब किंवा प्रायमर (पीसीआरने नेमका तुकडा वाढवण्यासाठी लागणारा छोटा डीएनए) जनुकाच्या अशा भागातून घ्यावा जो त्या जनुकाचा एकट्याचा आहे, आणि तो भाग बहुतेक वेळा एमआरएनएच्या ३ प्राइम टोकाला, प्रथिन लिहून संपल्यानंतर असतो. या अनुवाद न होणाऱ्या भागावर प्रथिनाची बंधने नसल्याने भावंडांमध्ये तो लवकर वेगळा होतो. याचा दुसरा फायदा असा की, माणूस आणि उंदीर यांच्यातही तो पुरेसा बदललेला असतो, तर फिंगरचा किंवा होमिओबॉक्सचा भाग दोघांत जवळपास एकसारखा असतो. तिसरा फायदा व्यवहारातला आहे: या भागात इन्ट्रॉन (जनुकातला, एमआरएनए तयार होताना कापून टाकला जाणारा भाग) सहसा नसतो, म्हणून सीडीएनएवरून बनवलेल्या प्रायमरने जीनोमिक डीएनएमधूनही अपेक्षित लांबीचाच तुकडा मिळतो.

माणूस-उंदीर फरकाला इतके महत्त्व का, हे संकर पेशींच्या पद्धतीवरून समजेल. १९६७ साली मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या आणि उंदराच्या पेशी जोडल्या, तेव्हा असे दिसले की संकर पेशी वाढताना माणसाची गुणसूत्रे एकेक करून गळत जातात आणि उंदराची टिकतात. वेगवेगळ्या पेशीवंशांत माणसाची वेगवेगळी गुणसूत्रे उरतात. अशा वंशांचा संच घ्यायचा, प्रत्येकात आपले जनुक आहे का ते पीसीआरने किंवा सदर्न ब्लॉटने पाहायचे, आणि ज्या गुणसूत्राची हजेरी-गैरहजेरी जनुकाच्या हजेरी-गैरहजेरीशी प्रत्येक वंशात जुळते तेच त्याचे गुणसूत्र. गणिताने पाहिले तर २४ प्रकारची गुणसूत्रे वेगळी ओळखायला नीट निवडलेले पाच वंशही पुरतात. प्रत्यक्षात वीसेक वंश घेतात, कारण एखादे गुणसूत्र थोड्याच पेशींत उरलेले असते, एखाद्याचा तुकडाच उरलेला असतो. एक बारकावा इथे विसरला जातो. हॅट माध्यमात (ज्यात टीके आणि एचपीआरटी ही दोन्ही विकरे असलेल्या पेशीच जगतात) निवड करताना उंदराच्या पेशीत टीके हे विकर नसेल, तर माणसाचे १७वे गुणसूत्र टिकवल्याशिवाय संकर पेशी जगू शकत नाही, म्हणून ते सर्वच वंशांत असते. एचपीआरटी नसेल तर एक्स गुणसूत्राचे तेच होते. त्या गुणसूत्राबद्दल असा संच जवळपास मुका असतो. आज माणसाचे एकच गुणसूत्र बाळगणाऱ्या संकर पेशींचे संच अमेरिकेतील कोरिएल संस्थेच्या पेशीसंग्रहातून मिळतात, आणि त्यांचा नुसता डीएनए मागवूनही काम होते. तुमचे ३ प्राइम प्रायमर आधी उंदराच्या किंवा हॅमस्टरच्या शुद्ध डीएनएवर चालवा. तिथे पट्टा आला, तर पुढचा सगळा तक्ता निरर्थक आहे.

संकर पेशींमधून गुणसूत्र कळते. त्यावरची जागा कळायला फिश हवी. इथे सीडीएनएचा हजार-दीड हजार बेसचा तुकडा वापरण्याचा आग्रह सोडा. एवढ्या लहान प्रोबची खूण क्षीण असते आणि पार्श्वभूमीच्या ठिपक्यांत हरवते. ३ प्राइम भागाचा क्रम वापरून जनुकाला पोटात घेणारा बॅक क्लोन (जीवाणूत जपलेला, मोठा मानवी तुकडा सामावणारा डीएनए) निवडा; त्यातला मानवी तुकडा साधारण १ ते २ लाख बेसचा असतो आणि त्याची खूण दोन्ही क्रोमॅटिडांवर (गुणसूत्राच्या दोन जुळ्या भागांवर) जोडीने, स्वच्छ दिसते. क्लोन हाती आल्यावर त्यात तुमचे जनुक आहे का हे त्याच ३ प्राइम प्रायमरने तपासून घ्या. एवढ्या लांब तुकड्यात अॅलूसारखे पुनरावृत्त क्रम असतात, ते कॉट-१ डीएनएने (अशाच पुनरावृत्त क्रमांच्या बिनखुणेच्या डीएनएने) झाकावे लागतात. नाहीतर सगळीच गुणसूत्रे उजळतात आणि कुटुंबातल्या सारखेपणाचा दोष नसताना तो दिसल्यासारखा भास होतो.

१९व्या गुणसूत्राची शंका असेल तेव्हा त्याची ओळख पटवण्यातही एक खाचखळगा आहे. ते २०व्यासारखेच लहान, मध्ये सेंट्रोमिअर (गुणसूत्राची आवळलेली जागा) असलेले गुणसूत्र आहे आणि जी-बँडिंगमध्ये (गुणसूत्रांवर पट्टे उमटवणाऱ्या रंगकामात) फिकट दिसते. म्हणून दुसऱ्या रंगाचा सेंट्रोमिअर प्रोब लावावा असे सहज वाटते. परंतु १९व्याच्या सेंट्रोमिअरचा अल्फा सॅटेलाइट हा पुनरावृत्त क्रम १ल्या आणि ५व्या गुणसूत्रांशी सामाईक आहे, त्यामुळे त्या प्रोबने तिन्ही उजळतात. आकारावरून १९वे वेगळे काढता येते हे खरे, पण १९व्यावरच्या माहीत असलेल्या एखाद्या जनुकाचा बॅक क्लोन नियंत्रण म्हणून घेणे अधिक चांगले.

स्लाइडबद्दलही सांगितले पाहिजे, कारण नागपुरात हा प्रश्न पुस्तकात लिहिल्यापेक्षा वेगळा येतो. तीन भाग मेथॅनॉल आणि एक भाग अॅसेटिक आम्ल यांत स्थिर केलेल्या पेशी स्लाइडवर टाकल्यावर गुणसूत्रे कशी पसरतात हे द्रव किती वेगाने वाळतो यावर अवलंबून असते, आणि साधारण ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता त्याला मानवते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात द्रव क्षणात उडून जातो, मेटाफेज (विभाजनाच्या ज्या टप्प्यात गुणसूत्रे स्पष्ट दिसतात तो) आवळलेलेच राहतात आणि गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली दिसतात. पावसाळ्यात उलट ती इतकी पसरतात की एका पेशीची दोन-चार दुसरीकडे निघून जातात. कूलर चालू असलेल्या खोलीत आणि शेजारच्या बंद खोलीत एकाच दिवशी वेगळ्या प्रतीच्या स्लाइड मिळतात. स्लाइड टाकताना तापमान आणि आर्द्रता नोंदवहीत लिहा. उन्हाळ्यात ओली, थंड स्लाइड गरम पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरून वाळवा. आवळलेल्या मेटाफेजवर १९ आणि २० वेगळी ओळखण्याचा हट्ट कोणीच करू नये.

रेडिएशन हायब्रिडची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण आज ती तुम्हाला करावी लागणार नाही. क्ष-किरणांनी मानवी गुणसूत्रे तोडून त्यांचे तुकडे हॅमस्टरच्या पेशीत जगवायचे. दोन खुणा जितक्या जवळ, तितक्या त्या एकाच तुकड्यावर सोबत राहण्याची शक्यता जास्त. गॉस आणि हॅरिस यांनी १९७५ साली मांडलेली ही कल्पना १९९० साली डेव्हिड कॉक्स आणि सहकाऱ्यांनी पुन्हा उपयोगात आणली, आणि जीनब्रिज-४ या ९३ वंशांच्या व स्टॅनफर्ड जी-३ या ८३ वंशांच्या संचांवर हजारो जनुकांच्या जागा ठरल्या. १९९८ सालच्या नकाशात सुमारे ३० हजार जनुकीय खुणा याच मार्गाने बसवलेल्या होत्या. जुन्या शोधनिबंधांत तुमच्या जनुकाची जागा अशा संचावर ठरवलेली आढळली, तर ती सहसा विश्वासार्ह असते, मात्र प्रायमर कुठून घेतले होते ते तपासून पाहा.

आता दुसरा प्रश्न. क्रम उपलब्ध आहे, तेव्हा ३ प्राइम क्रम संगणकावर जीनोमशी जुळवला की बहुतेक जनुकांचा पत्ता मिनिटभरात मिळतो, आणि सुरुवात तिथूनच करावी. परंतु ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांच्या बाबतीत संगणकाचे उत्तरही त्याच कुटुंबाच्या सापळ्यात सापडते. पॉऊ५एफ१ या फॅक्टरचे खरे जनुक ६व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, ६पी२१ येथे आहे (पी म्हणजे आखूड भुजा, क्यू म्हणजे लांब भुजा, पुढचा आकडा बँडचा). त्याच्या एमआरएनएवरून उलट लिहिल्या गेलेल्या प्रती इतर गुणसूत्रांवरही आहेत, आणि अशा छद्मजनुकात (जनुकासारख्या दिसणाऱ्या प्रतीत) ३ प्राइम भागही उतरलेला असतो. म्हणून जुळणी कुठे झाली याच्याबरोबरच तिथे इन्ट्रॉन आहेत का हे पाहणे आवश्यक आहे. इन्ट्रॉन गायब असतील आणि शेवटी ए-बेसची शेपटी असेल, तर ती उलट लिहिलेली प्रत आहे.

जीटीएफ२आय या फॅक्टरचे प्रकरण याहून अवघड आहे. त्याचे जनुक ७क्यू११.२३ येथे, विल्यम्स सिंड्रोम या जन्मजात विकारात गळणाऱ्या सुमारे १५ लाख बेसच्या भागात आहे, आणि त्याच्या अपुऱ्या प्रती त्याच बँडमध्ये आजूबाजूच्या द्विरुक्त पट्ट्यांत आहेत. मेटाफेजवरची फिश इथे काही सांगू शकत नाही, कारण दोन खुणा वेगळ्या दिसायला त्यांच्यात दहा लाख बेसपेक्षा जास्त अंतर लागते.

डीयूएक्स४ चे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. हा दोन होमिओबॉक्स असलेला फॅक्टर ४थ्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाला, ४क्यू३५ येथे ३.३ हजार बेसच्या पुनरावृत्त घटकांत आहे, आणि जवळजवळ तसाच घटकांचा पट्टा १०व्या गुणसूत्राच्या १०क्यू२६ येथेही आहे. चेहरा, खांदे आणि दंडाच्या स्नायूंना क्षीण करणारा आजार ४थ्या गुणसूत्रावरचा पट्टा १० किंवा त्याहून कमी घटकांवर आला तर होतो, तोही तिथला विशिष्ट क्रमप्रकार असेल तरच. १०व्यावरचा तसाच आखूड पट्टा सहसा निरुपद्रवी असतो. लहान तुकडे वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगला हे दोन पट्टे वेगळे सांगता येत नाहीत. २०२२ साली जीनोमचा टोकापासून टोकापर्यंतचा क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा असे पुनरावृत्त भाग संदर्भक्रमात नीट बसले, पण संदर्भक्रम एका पेशीवंशाचा असतो. समोरच्या रुग्णात आखूड झालेला पट्टा कोणत्या गुणसूत्रावर आहे हे रुग्णाच्याच डीएनएवर सिद्ध करावे लागते.

एक पडताळा मला फार मोलाचा वाटतो आणि तो सहसा कोणी करत नाही. कुटुंबातली जनुके एकमेकांपासून दूर विखुरलेली असली तरी त्यांचे शेजारी अनेकदा सारखे असतात. माणसातली, होमिओबॉक्स कुटुंबातली ३९ हॉक्स जनुके चार पुंजक्यांत आहेत: ७पी१५, १७क्यू२१, १२क्यू१३ आणि २क्यू३१. झिंक फिंगर कुटुंबातल्या एसपी जनुकांकडे पाहा: एसपी४ ७पी१५ येथे, एसपी२ १७क्यू२१ येथे, एसपी१ १२क्यू१३ येथे आणि एसपी३ २क्यू३१ येथे. कशेरुकी प्राण्यांच्या आरंभी सारा जीनोम दोनदा दुप्पट झाला, त्यात एक पूर्वज-एसपी आणि एक पूर्वज-हॉक्स पुंजका शेजारी होते, आणि आज चारही ठिकाणी ती शेजाराची खूण टिकून आहे. तुमच्या जनुकाच्या भावंडांचे शेजारी कोण आहेत आणि उंदरात तो भाग कुठे आहे, हे पाहिल्यावर प्रयोगातून आलेली जागा पटण्यासारखी आहे की नाही याचा चांगला अंदाज येतो.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळताना एक गोष्ट स्पष्ट ठेवा. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या जनुकाची जागा आणि त्या फॅक्टरची कामाची जागा यांचा संबंध नसतो. जनुकावरून एमआरएनए बनतो, तो केंद्रकाबाहेर जातो, तिथे प्रथिन तयार होते आणि ते प्रथिन केंद्रकात परत येऊन कोणत्याही गुणसूत्रावरच्या आपल्या क्रमाला बसते. बीसीएल११ए चे प्रथिन २ऱ्या गुणसूत्राच्या २पी१६ येथील जनुकावरून बनते आणि ११पी१५ वरील गॅमा ग्लोबिनच्या प्रमोटरमध्ये (जनुकाचे वाचन सुरू करणाऱ्या भागात) टीजीएसीसीए या क्रमाला बसून ते जनुक बंद ठेवते. हे नेमके २०१८ साली दाखवले गेले. लाल पेशींच्या पूर्वजांमध्ये बीसीएल११ए स्वतः चालू राहते ते गाटा१ या दुसऱ्या फॅक्टरमुळे, आणि गाटा१ चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तीन गुणसूत्रांची ही साखळी चालायला त्यांनी शेजारी असण्याची गरज नाही.

मग जागेचा उपयोग काय? जागा सांगते की जनुक कोणाबरोबर पुढच्या पिढीत जाते. २००७ साली रक्तात गर्भ-हिमोग्लोबिन (ते जास्त असले की सिकलसेलचा त्रास कमी होतो) बाळगणाऱ्या पेशींचे प्रमाण मोजून जीनोमभर शोध घेतला गेला तेव्हा बीसीएल११ए चा भाग प्रथमच समोर आला; त्याशिवाय ६क्यू२३ येथील एमवायबी या जनुकाजवळचा भाग आणि ११व्यावरचा खुद्द ग्लोबिनचा भाग असे एकूण तीन महत्त्वाचे पत्ते ठरले. आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत प्रामुख्याने आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये (एकत्र वारशाने येणाऱ्या बदलांच्या संचात) गर्भ-हिमोग्लोबिन वाढवणारा बदल सिकलच्या जनुकाला लागूनच ११व्या गुणसूत्रावर आहे, म्हणून तो सिकलबरोबरच वारशाने येतो. पण २ऱ्या आणि ६व्या गुणसूत्रांवरचे बदल त्याच्याशी बांधलेले नाहीत. दोघा सख्ख्या भावंडांना दोन्ही बाजूंनी तेच सिकल जनुक आलेले असते, तरी एकाला वारंवार वेदना होतात आणि दुसऱ्याचे बरे चालते. त्याचे एक कारण इथे आहे, आणि विदर्भातल्या कुटुंबांना समुपदेशन करणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेला कॅसजेव्ही हा जनुकीय उपचार सिकलच्या जनुकाला हात न लावता बीसीएल११ए च्या इन्ट्रॉनमधला, लाल पेशींपुरता चालणारा एन्हान्सर (जनुकाचे काम वाढवणारा डीएनएचा भाग) तोडतो. २ऱ्या गुणसूत्रावरचा तो पत्ता सापडला नसता तर हा उपचार सुचलाच नसता.

जागेवरून आजाराचे जनुक सापडल्याची उदाहरणे या क्षेत्रात विशेष भरपूर आहेत. वार्डनबर्ग सिंड्रोम (बहिरेपणा आणि त्वचा-केस-डोळ्यांच्या रंगातले दोष) असलेल्या एका जपानी मुलात २ऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा काही भाग उलटा बसल्याचे १९८९ साली नोंदले गेले. उंदरातला तसाच दोष १ल्या गुणसूत्राच्या समतुल्य भागात होता. आणि १९९२ साली पीएएक्स३ या फॅक्टरच्या जनुकात बदल सापडले. सॉक्स९ या फॅक्टरच्या जनुकाने आणखी एक धडा दिला. हाडे वाकणाऱ्या कॅम्पोमेलिक डिस्प्लेशियाच्या काही रुग्णांत १७क्यू२४ येथे गुणसूत्र तुटलेले होते, पण तूट जनुकात नव्हती. ती पन्नास हजारापासून जवळजवळ दहा लाख बेसपर्यंत दूर होती. प्रथिनाचा क्रम शाबूत होता, नियंत्रण करणारा दूरचा भाग तुटून निघाला होता. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या जनुकाची जागा लिहिताना त्याच्या आजूबाजूचा मोठा पट्टा नकाशात घ्यावा, तो यासाठी.

तुमच्या जनुकासाठी आता क्रम असा ठेवा. आधी ३ प्राइम भागाचे प्रायमर बनवून ते उंदीर व हॅमस्टरच्या डीएनएवर तपासा. मग एका गुणसूत्राच्या संकर पेशींच्या संचावर चालवा. मिळालेले गुणसूत्र संगणकीय जुळणीशी ताडून पाहा आणि इन्ट्रॉन आहेत याची खात्री करा. त्यानंतर बॅक क्लोनने फिश करा आणि किमान वीस चांगल्या मेटाफेजमध्ये खूण कुठे पडली याची नोंद करा. निष्कर्ष लिहिताना एकच बँड ठामपणे न देता खुणा ज्या पट्ट्यात पडल्या तो पट्टा द्या, दोन्ही क्रोमॅटिडांवर खूण असलेल्या पेशींची संख्या द्या, आणि इतरत्र दिसलेल्या खुणाही लिहा. फिंगरच्या प्रोबने तुम्हाला मिळालेली पहिली चित्रे टाकून देऊ नका. तुमच्या फॅक्टरची भावंडे कुठे राहतात याची ती नोंद आहे, आणि प्रबंधात तिला त्याच नावाने जागा द्या.